पीठ बाटू नये म्हणून

नझलत तादरस या आमच्या गावच्या चर्चमागे एक बुटकी, धुराने काळवंडलेली खोली आहे. तिला सगळे बेथलेहेम, म्हणजे भाकरीचं घर, म्हणतात, कारण उपासनेचा कुर्बान, म्हणजे पवित्र भाकर, तिथेच भाजला जातो. त्या खोलीत लावंदी बावीस वर्षं कुर्बान भाजत होता आणि बावीस वर्षांत तिथे त्याच्या तोंडून एक अवाक्षर फालतू निघालं नव्हतं. ही गोष्ट गावाला पक्की ठाऊक होती, कारण लावंदी ती स्वतःच सगळ्यांना सांगत फिरायचा.

कुर्बान करणाऱ्याने उपाशीपोटी करावा, हात धुऊन करावा, पीठ मळताना स्तोत्रं म्हणावीत, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. लावंदीने त्यात आपल्या पदरची भर घातली होती. पिठात पाणी पडल्यापासून शेवटची भाकर भट्टीबाहेर येईपर्यंत स्तोत्रांखेरीज एक शब्द जरी तोंडातून गेला, तरी पीठ बाटलं, असा त्याचा कायदा होता. एकदा शेजारच्या गोठ्याला आग लागली तेव्हाही तो ओरडला नव्हता. गोठा जळाला, दोन बकऱ्या जळाल्या आणि लावंदी पुढे वर्षभर त्याची बढाई मारत होता.

आता इतकं आवरून धरलेलं तोंड बाहेर आल्यावर काय करील? चर्चच्या दारासमोर बाभळीखाली दोन बाकं आहेत. उपासना सुटली की पुरुषमंडळी तिथे टेकतात. लावंदी मधे बसायचा. ज्याच्या गळ्यात सूर नव्हता त्या गायकाकडे गाढवांनी शिकवणी लावलीय, म्हणायचा. ज्या मास्तरची बायको दर दोन महिन्यांनी माहेरी पळायची, तिला तो ‘पत्ता चुकलेलं पाकीट’ म्हणायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण याच्या जिभेला दात होते. तरी लोकांना तो हवा असायचा. लावंदीच्या तोंडी आपण सापडू नये असं प्रत्येकाला वाटे, आणि दुसरा सापडलेला बघायला प्रत्येक जण चहाचा पेला घेऊन हजर होई. मी यात एकट्या लावंदीला दोष देत नाही. ऐकणारे नसते तर बाक ओसाड पडलं असतं.

ईस्टरआधीचा मोठा उपास चालू होता. पंचावन्न दिवस मांस नाही, अंडं नाही, दुधाचा थेंब नाही. त्या रविवारी बाकावर तेच ते बोलून झालं होतं आणि काळा चहा पेल्यात गार होत होता. तेवढ्यात समोरून हिलाना आली. दहा वर्षांपूर्वी वारलेल्या मिखाईलची ही मुलगी. मिखाईल लावंदीचा जिवलग होता. हिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा ओलीचिंब, किंचाळणारी पोर हौदातून निघाल्यावर टॉवेलात घेतली ती लावंदीनेच. स्वतःला मूलबाळ नसल्याने तो तिला सणाला बांगड्या आणायचा. गेल्या उन्हाळ्यात ती शिवणकाम शिकायला कैरोला मावशीकडे गेली आणि सात महिने राहून आली होती. आल्यावर तिचं लग्न ठरलं. पलीकडच्या गावचा नसीम, शाळेत मास्तर, निर्व्यसनी, गोरागोमटा. साखरपुड्याच्या अंगठ्या झाल्या होत्या. ईस्टरनंतरच्या दुसऱ्या रविवारी लग्न.

“काका, उपास कसा चाललाय?” तिने जाता जाता विचारलं.

“तुझ्या लग्नातल्या बदकाची स्वप्नं पडतायत बघ,” लावंदी म्हणाला.

“दोन बदकं तुमच्या ताटात. आईशप्पथ!” असं म्हणून ती हसत पुढे गेली.

कोणी तरी म्हणालं, “कैरोचं पाणी मानवलं हो पोरीला. चांगली भरलीय.” मग सगळ्यांनी लावंदीकडे पाहिलं. ते पाहणं त्याला सहन व्हायचं नाही. कोणी वाट बघतंय आणि आपल्याकडे द्यायला काही नाही, यापेक्षा त्याला उपाशी मरणं परवडलं असतं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“सात महिन्यांतच परत आली ना? घाई केली. आणखी दोन महिने थांबली असती, तर एकटी गेलेली दोघं होऊन आली असती!”

बाक हादरलं. एकाच्या नाकातून चहा आला. हशा ऐकून दूर गेलेल्या हिलानाने मागे वळून पाहिलं. काका आपल्या बदकांबद्दलच काही सांगतायत असं तिला वाटलं असावं, कारण तीही हसली आणि तिने हात हलवला. लावंदीनेही हात हलवला.

त्याच्या मनात तिच्याबद्दल वाईट काही नव्हतं, हे मी सांगायला नको. पण मनात काय होतं ते बाकावर कोणाला दिसणार? तोंडातून निघालेलं सगळ्यांनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते गिरणीवर पोचलं, गिरणीवरून चुलींपाशी. वाटेत त्यातला विनोद गळून पडला आणि बातमी तेवढी उरली.

हिलानाचा थोरला भाऊ बखीत हा उसाच्या मळ्यावरचा मुकादम. माणूस कष्टाळू, पण डोक्याने तापट आणि अब्रूच्या बाबतीत तर निव्वळ कापूर. काडी दाखवायचा अवकाश. त्याने ते रविवारी रात्री ऐकलं. दुसरा कोणी असता तर सरळ बाकापाशी जाऊन लावंदीची गचांडी धरली असती. बखीतने तसं केलं नाही. तो रात्रभर विचार करत बसला आणि त्याला वाटलं, बाकावरचा लावंदी काय, खरंही बोलेल आणि खोटंही. पण बेथलेहेमात उभा असलेला, हात पिठात असलेला लावंदी खोटं बोलायचा नाही. तिथे विचारावं.

मोठ्या उपासात आमच्याकडे सोमवार ते शुक्रवार उपासना दुपारी असते, त्यामुळे कुर्बान सकाळी उन्हं वर आल्यावर भाजतात. बखीत दारात आला तेव्हा लावंदी एकटाच होता. गोळे करून झाले होते. लाकडी ठसा एकेका भाकरीवर दाबून तो क्रुसाची नक्षी उठवत होता, काडीने भोकं पाडत होता आणि स्तोत्र म्हणत होता.

“लावंदी काका.”

लावंदीने मान वर केली, भट्टीकडे बोट दाखवलं आणि मग ते बोट ओठांवर ठेवलं.

“मला माहितीय तुमचा नियम,” बखीत म्हणाला. त्याने चपला बाहेर काढल्या होत्या. डोळे लाल होते. “मी भांडायला नाही आलो. एकच विचारतो. काल तुम्ही बाकावर हिलानाबद्दल बोललात. ती थट्टा होती, की तुम्हाला कैरोहून काही कळलंय? तुमचा मेव्हणा असतो तिकडे, मावशीच्याच गल्लीत. थट्टा असेल तर थट्टा म्हणा. मी तुमच्या हाताचं चुंबन घेऊन जातो. देवाशप्पथ.”

मेव्हणा तिकडे राहतो हे तो स्वतः विसरून गेला होता. “थट्टा” हा एक शब्द. जिभेवर आला होता, नाही असं नाही. पण बावीस वर्षं! गोठा जळताना जो बोलला नाही, तो आता या मुकादमासाठी बोलणार? आणि पीठ? उपासना दोन तासांवर, नवं मळायचं कधी? भाकरी निघू देत, मग गाठतोच याला, असं त्याने ठरवलं आणि स्तोत्राचा आवाज थोडा वाढवला.

“बरं, बोलू नका,” बखीत म्हणाला. “मान हलवा. खोटं असेल तर नुसती एकदा नाही म्हणून मान हलवा. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे ना, काका?”

हे मात्र खरं होतं. मान हलवण्याला लावंदीच्या कायद्यातही बंदी नव्हती. पण मान हलवायची म्हणजे या खोलीत, या भाकरींसमोर कबूल करायचं, की मी जिवलग मित्राच्या लेकीवर फुकटची घाण टाकली, चार माणसं हसावीत म्हणून. आणि हे कोणापुढे? कालपरवापर्यंत शेंबूड पुसत फिरणाऱ्या बखीतपुढे. लावंदीने मान हलवली नाही. त्याने खाली पाहिलं आणि पुढची भाकर ओढून तिच्यावर ठसा दाबला.

बखीत म्हणाला, “कळलं.” चपला पायात न घालता हातातच घेऊन तो गेला.

भाकरी त्या दिवशी सुरेख झाल्या. एकीलाही भेग नाही, फोड नाही. मग उपासना झाली, ती सुटायला चार वाजले. लावंदीने काकवीत कालवलेली ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, आणि भाकर खाल्ली, त्याला डुलकी लागली. बखीतकडे जायचं होतं हे आठवलं तेव्हा अंधार पडायला आला होता. उद्या जाऊ, तो मनाशी म्हणाला.

जायची गरज उरली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची बायको रातिबा पाणी भरून आली ती घागर दाणकन आपटूनच.

“बखीतने तिला टुकटुक रिक्षात घालून मल्लावीला नेलं. डॉक्टरीणबाईकडे. तपासायला.”

“कसलं तपासायला?”

“हे मला विचारतोस? कसलं तपासतात लग्नाआधी पोरीला? तिच्या घरातल्या आत्याने दोन्ही हात धरले म्हणे, कारण ती पाय मिटून घेत होती. पाजी माणसा, देवाने माणसाला जिभेपुढे दात दिले ते कुंपण म्हणून. तू फाटकच ठेवलं नाहीस.”

लावंदीने विचारलं, “मग? काय निघालं?”

“अजून विचारतोस!” रातिबा म्हणाली आणि तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं. “पोर आरशासारखी स्वच्छ आहे.”

गोष्ट इथे थांबली असती तरी पुरेशी वाईट होती. पण बखीतला आनंद झाला होता. डॉक्टरीणबाईने शिक्का मारून कागद दिला होता आणि तो कागद खिशात ठेवण्याजोगा आहे असं त्याला वाटलं नाही. संध्याकाळी तो बाभळीखाली आला आणि त्याने तो मोठ्याने वाचून दाखवला, एकदा नाही, दोनदा. बहिणीच्या अंगाचं वर्णन चाळीस पुरुषांनी उभं राहून ऐकलं. “आहे कोणाची हिंमत आता बोलायची?” तो विचारत होता. कोणाची नव्हती. सगळे मान डोलावत होते आणि मनात म्हणत होते, काही तरी असल्याशिवाय का कोणी कागद काढतो?

नसीमचा बाप सिदराक यानेही तेच म्हटलं. हा म्हातारा सरळ होता. त्याने अंगठी परत पाठवली नाही. अबूना इस्तफानोस, म्हणजे आमचे पुरोहित, यांच्याकडे येऊन तो म्हणाला, “अबूना, मुलीत खोट नसेल. पण माझ्या सुनेचा कागद गावात वाचला गेला, तो का, ते मला कळू दे. कोणी तरी काही बोललं असं ऐकतो. काय बोललं ते कोणी सांगत नाही. ज्याने म्हटलं त्याने माझ्यासमोर खोटं म्हणून सांगावं. मग मी मुलगा घेऊन येतो.”

इकडे बखीतने जाहीर केलं होतं की, सिदराक फिरला तर हिलाना वीटभट्टीवाल्या गत्तासला द्यायची. गत्तास पन्नाशीचा, दोन बायका पुरलेला, चार पोरांचा बाप. दुसरी बायको कशाने गेली हे त्याच्या शेजाऱ्यांना माहीत होतं, कारण भिंत पातळ होती. गत्तासला कागदबिगद लागत नव्हता. हिलाना मल्लावीहून आल्यापासून दार लावून बसली होती आणि आत्याने सरकवलेलं ताट तसंच परत येत होतं.

लावंदी गुरुवारी अबूनांपुढे गुडघे टेकून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. बाक सांगितलं, बेथलेहेम सांगितलं. अबूना हे थकलेले, दम्याचे गृहस्थ, सहसा आवाज चढवत नसत.

“मौनाचा हा नियम तुला कोणी घातला?” त्यांनी विचारलं. “मी?”

“नाही, अबूना. पण पीठ बाटतं...”

“पीठ पुन्हा मळता येतं, लेका! पोर कशी मळशील पुन्हा?” आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाले, “उद्या शुक्रवार. सिदराकला बोलावतो, पहिल्या रांगेत बसवतो. उपासना संपताना मी सांगीन लोकांना, की लावंदीने माझ्याकडे कबुली दिली, तो खोटं बोलला होता. दोन वाक्यं. पुरे.”

“मी बोलतो,” लावंदी म्हणाला. “माझ्या तोंडाने केलं, माझ्याच तोंडाने निस्तरतो.”

अबूनांना हे पटलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांना ही मोठी नम्रता वाटली आणि लावंदीलाही तशीच वाटली. पण चारशे माणसं आपल्याकडे बघतील, त्यांना आपण रडवू, अख्खं गाव हेलावून जाईल, असं चित्र वाटेत त्याच्या डोळ्यांपुढे आलं, आणि ते त्याला बरं वाटलं. रातिबा म्हणाली, “अबूनांना बोलू दे. तू उभा राहू नकोस.” त्याने ऐकलं नाही.

शुक्रवारी चर्च भरलं होतं. सिदराक काठीवर हात ठेवून पहिल्या रांगेत. बायकांच्या बाजूला खांबाला टेकून हिलाना, चार दिवसांत निम्मी झालेली, शेजारी आत्या. अबूनांनी खूण केली. लावंदी पायरीवर चढला, वळला, आणि लोकांनी त्याला पाहिलं.

मागे कुठे तरी खसखस पिकली. दुसरं काही नाही, सवयीची. बावीस वर्षं हा माणूस तोंड उघडायचा तेव्हा काही तरी मजेचं निघायचं.

“मी पापी आहे,” लावंदी म्हणाला.

“ते माहितीय!” कोणी तरी दबक्या आवाजात म्हणालं आणि चार जण फिसकले. अबूनांनी डोळे वटारले.

“मिखाईलच्या लेकीबद्दल मी जे बोललो... रविवारी बाकावर... ते खोटं होतं. सगळं खोटं. ते लेकरू निर्मळ आहे. माझी जीभ झडो.”

आता हे ऐकायला जे आले होते त्यांतल्या निम्म्यांना रविवारी तो नेमकं काय बोलला हे माहीत नव्हतं. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, काय रे बोलला होता? शेजाऱ्यांनी कानात सांगितलं. आणि विनोद चांगला होता, हीच तर पंचाईत. रांगेरांगेने तो पुढे सरकत गेला. जिथे पोचला तिथे खांदे हलले, तोंडं रुमालात गेली. बायकांच्या बाजूलाही एकीने फडक्यात तोंड लपवलं. लावंदी ते बघत होता आणि त्याला रडू फुटलं, खरंखुरं, नाकातोंडातून पाणी यावं असं. मयताला रडणाऱ्या बायकांची नक्कल तो फार हुबेहूब करायचा. त्याचा तो चेहरा, तो हुंदका सगळ्यांच्या ओळखीचा होता. मग मात्र चर्चच्या चर्च फुटलं. पवित्र जागेत हसणं वाईट, म्हणून दाबत होते, आणि दाबल्याने ते जास्तच उसळत होतं.

“नका हसू!” लावंदी ओरडला. “अरे, मी खरं बोलतोय! हसू नका!”

त्याने हसू आणखी वाढलं.

सिदराकने शेजारच्याला विचारलं, “काय बोलला होता हा?” शेजारच्याने डोळे पुसत त्याला सांगितलं. दोन महिने, एकटी गेलेली, दोघं. म्हाताऱ्याने ते शांतपणे ऐकून घेतलं. इतके दिवस कोणी न सांगितलेलं त्याला आज कळलं, आणि तेही चारशे माणसं हसत असताना. तो काठी टेकत उठला. अबूना पायरी उतरून त्याच्यामागे धावले, “सिदराक, ऐक,” म्हणाले. त्याने खिशातून नसीमच्या अंगठीची डबी काढून त्यांच्या हातात ठेवली.

“माझा मुलगा मास्तर आहे, अबूना,” तो म्हणाला. “हे लग्न झालं तर वर्गात त्याने तोंड उघडलं की पोरं अशीच हसतील.”

अंगणात हिलाना उभी होती. आत्या आत चपला शोधत होती. बखीत फाटकापाशी रिक्षावाल्याशी बोलत होता. वीटभट्टीला जायचं काय घेशील, विचारत होता. लावंदी धडपडत बाहेर आला, त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

“पोरी,” तो म्हणाला, “मी... मला...”

हिलानाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा कोरडा होता. “बास, काका. तुम्ही माफी मागायला गेलात तरी लोकांना माझंच काही तरी ऐकू येतं.”

ती गेली. मागून माणसं बाहेर पडत होती. बाकावरचा एक जण लावंदीपाशी थांबला, त्याने पाठीवर थाप मारली आणि कौतुकाने म्हणाला, “पण ते रडण्याचं सोंग, लावंदी! आज तर कमालच केलीस बाबा.”

लावंदीने तोंड उघडलं. थाप मारणारा आणि त्याच्यामागचे तिघं थांबले आणि तो काय बोलतो ते ऐकायला आधीच हसऱ्या चेहऱ्यांनी उभे राहिले.